कुंडल रोडचं माळरान

सुट्टीत घरी जाताना कोरेगाव स्टेशनवर मिरजेकडची गाडी पकडणारे आपल्यात बरेच जण आहेत. कऱ्हाड सोडलं की पुढे किर्लोस्करवाडी लागते. पूर्वी या स्टेशनाचं नाव कुंडल रोड होतं आणि आजूबाजूला नुसतं माळरान.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला ते मुंबईला जे.जे.मध्ये गेले, पण रंग नीट ओळखता येईनात. मग मेकॅनिकल ड्रॉइंग शिकून व्ही.जे.टी.आय.मध्ये शिक्षक झाले. तिथे बढती दुसऱ्यालाच मिळाली, तेव्हा नोकरी सोडून सरळ बेळगाव गाठलं. थोरले बंधू रामूअण्णांबरोबर सायकली विकल्या, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर करायला घेतले.

जरा जम बसतोय तोच 1910 साली नगरपालिकेने सांगितलं, नवी वसाहत करायची आहे, जागा सोडा. आपल्याला रूम सोडायची म्हटलं तर एक ट्रंक आणि एक गादी. इथे अख्खा कारखाना हलवायचा होता आणि हातात पैसा नव्हता!

त्या वेळी औंधच्या राजांचं एक बांधकाम लक्ष्मणरावांकडे होतं. औंध म्हणजे आपल्या रहिमतपूरहून पुढे. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संस्थानातली 32 एकर जमीन आणि 10,000 रुपये बिनव्याजी कर्ज दिलं. जमीन कसली, निवडुंग आणि नाग! पण शेजारी रेल्वे स्टेशन होतं. लोखंड आणायचं आणि नांगर पाठवायचे, तर हेच महत्त्वाचं.

बिनव्याजी या शब्दाची किंमत हिशोब केल्यावर कळते. समजा 9 टक्के व्याज असतं, तर वर्षाला 900 रुपये गेले असते. लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं, त्यामुळे पहिले नांगर खपायलाच दोन वर्षं लागली होती. म्हणजे नांगर विकायच्या आधीच 1,800 रुपये व्याजात!

सुमारे 25 कामगार बायकामुलांसह माळावर राहायला आले. वसाहतीची आखणी रामूअण्णांनी पाहिली. हिशोब मंगेशराव रेग्यांकडे, व्यवस्था के. के. कुलकर्ण्यांकडे. कॉलेजात कुलकर्ण्यांचं काही जमलं नव्हतं, पण माणसं सांभाळण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. राखणीला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघंही खुनाची शिक्षा भोगून आलेले. लक्ष्मणरावांनी त्यांच्यावर विश्वास टाकला आणि दोघांनी तो राखला.

1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी गेले.

आज आपण प्लॉट घेतो, कुंपण घालतो आणि भाव वाढायची वाट बघतो. त्या 32 एकरांचा भाव मात्र वाट बघून वाढला नाही. निवडुंग तोडणाऱ्या, भट्टी पेटवणाऱ्या आणि तिथेच संसार मांडणाऱ्या माणसांनी तो वाढवला. पुढच्या वेळी गाडी किर्लोस्करवाडीला थांबली, की झोपू नका. खिडकीतून एकदा बाहेर बघा.