मोठ्या घराचे धनी : कर्मवीर भाऊराव पाटील

श्री बाहुबली क्षेत्रामुळे आपणा सर्वांस परिचित असलेल्या कुंभोज या गावी २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका जैन कुटुंबात भाऊरावांचा जन्म झाला. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून ते शिकले. परंतु शिक्षण अपुरेच राहिले. तरुण वयात साताऱ्यास शिकवण्या घेऊन त्यांनी स्वतःचा चरितार्थ चालविला. पुढे ओगले काच कारखाना व किर्लोस्कर यांचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडले. खेड्यापाड्यांतील शिक्षणाविना वाढणारी मुले त्यांना अस्वस्थ करीत.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. हेच त्यांचे मोठे घर! तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीस जेवत. कोठीतील धान्य संपले तेव्हा सौ. लक्ष्मीबाईंनी दागिन्यांपाठोपाठ मंगळसूत्रही मोडावयास दिले. १९२७ साली महात्मा गांधींनी वसतिगृहाचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण केले.

मुलाने कोणाच्या उपकाराखाली दबून शिकू नये, ही भाऊरावांची दृष्टी. म्हणून मुले शेतात राबत, बांधकाम करीत, स्वयंपाकास हात लावीत. १९४७ साली निघालेल्या साताऱ्याच्या शिवाजी महाविद्यालयातही 'कमवा व शिका' हाच मार्ग होता. ९ मे १९५९ रोजी त्यांचे निधन झाले.

विद्यार्थ्यास मदत देताना त्याची मान ताठ राहील ना, एवढे पाहणे हा त्यांचा धडा आम्हा व्यापाऱ्यांच्या ताळेबंदात न मावणारी शिल्लक आहे.