सगळ्यांचा रविवार : नारायण मेघाजी लोखंडे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला सांगितलं, की आपल्या सोसायटीत सगळ्या धर्मांचे सण एकत्र साजरे होतात, त्यावर काहीतरी लिहा. गणपतीचा प्रसाद, ईदचा शीरखुर्मा, नाताळच्या नेवऱ्या नि कुलकुल, पतेतीचा रवो, बुद्धजयंतीची खीर या सगळ्याबद्दल लिहिता आलं असतं. पण ते आपण सर्वांनी खाल्लेलंच आहे. त्यापेक्षा ज्या माणसामुळे हे सगळं करायला आपल्या आजोबा-पणजोबांना मुळात वेळ मिळाला, त्याच्याबद्दल लिहावं असं वाटलं. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे. आमच्या पिढीतल्या गिरणी कामगारांच्या घरांत हे नाव आदराने घेतलं जायचं. आता सोसायटीतल्या मुलांना विचारलं तर फार तर रविवारची सुट्टी आणणारे एवढंच उत्तर येतं. तेही काही थोडं नाही, पण गोष्ट त्याहून मोठी आहे.

लोखंड्यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या खेडजवळच्या कन्हेरसरचं, फुलमाळी समाजाचं. घरची परिस्थिती बेताची. जेमतेम शिक्षण झाल्यावर त्यांनी रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मांडवीच्या एका गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. गिरणी त्यांनी आतून पाहिली ती तिथे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला होता, त्याचे ते कार्यकर्ते झाले. पुण्यात कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेलं ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र बंद पडल्यावर १८८० मध्ये लोखंड्यांनी ते मुंबईत आणलं आणि शेवटपर्यंत चालवलं. नोकरी सोडून त्यांनी स्वतःला कामगारांच्या कामाला वाहून घेतलं.

त्या वेळची गिरणी कशी होती हे डोळ्यांपुढे आणलं पाहिजे. मालक पारशी, भाटिया, गुजराती, बगदादी यहुदी. वरचे इंजिनिअर लँकेशायरचे साहेब, ख्रिस्ती. खात्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेले मराठे, कुणबी, माळी, महार. मागांवर उत्तरेतून आलेले मुसलमान विणकरही. म्हणजे आज आपल्या लिफ्टमध्ये जेवढ्या प्रकारची माणसं भेटतात तेवढी तेव्हा एका खात्यात भेटत. पण त्यांना एकमेकांच्या घरी जायला वेळच नव्हता. विजेचे दिवे यायचे होते, त्यामुळे काम सूर्याच्या हिशेबाने चाले. पहाटे भोंगा झाला की आत आणि अंधारलं की बाहेर. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही मोठं, तेरा-तेरा तास. मोठ्या सणांना गिरणी बंद असे, पण आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. काही ठिकाणी रविवारी मशीन बंद ठेवत, पण कामगारांना ती पुसायला बोलावत. तो रविवार साहेबाचा असे, कामगाराचा नव्हे.

१८८४ मध्ये लोखंड्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली. आजच्या अर्थाने ती युनियन नव्हती. तिला वर्गणीदार नव्हते, निधी नव्हता. पण हिंदुस्थानातली ही कामगारांची पहिली संघटना म्हणून तिची नोंद होते. त्याच सप्टेंबरात आपल्या परळला, सुपारीबागेत, कामगारांच्या सभा झाल्या. ज्येष्ठ मंडळींना सुपारीबाग सांगायला नको. आपण तिथूनच केईएमला जातो. सभेत ठरलेल्या मागण्या अशा होत्या : दर आठवड्याला रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या-अंगठे केले आणि तो अर्ज सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे गेला.

आता आपल्या विषयाचा मुद्दा येतो. सुट्टी कोणत्या वारी? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. मुसलमान कामगाराचा मोठा वार शुक्रवार. कोकणातले बेने इस्राएल, जे आपल्यासारखंच मराठी बोलतात आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली म्हटले जात, त्यांचा शनिवार. रविवार ख्रिस्ती साहेबाचा. मग हिंदू-मुसलमान कामगारांनी साहेबाचा वार का मागावा, असं कुणीही म्हणू शकलं असतं. लोखंड्यांनी यावर उत्तर काढलं ते आपल्या मातीतलं. रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचा वार आहे, असं त्यांनी मांडलं. साताऱ्या-पुण्याच्या कामगाराला ते लगेच पटलं, कारण त्याच्या घरात खंडोबाचा टाक होता. दुसऱ्याचा म्हणून नाकारलेला वार आपलाही निघाला. त्याला जोडून त्यांचं म्हणणं असं, की माणूस सहा दिवस मालकासाठी आणि पोटासाठी राबतो, तर एक दिवस त्याला घरासाठी, समाजासाठी, चार चांगल्या गोष्टींसाठी मिळालाच पाहिजे.

मला यातली हुशारी फार आवडते. त्यांनी कुणाला आपला वार सोडायला सांगितलं नाही आणि वारावरून भांडणही लावलं नाही. तीन-चार धर्मांची माणसं एकाच दिवशी मोकळी असतील, असा एक दिवस त्यांनी शोधला.

तरी मालक सहा वर्षं बधले नाहीत. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सभा झाली. दहा हजारांच्या आसपास कामगार जमले आणि दोन कामगार बायका सभेत बोलल्या. १८९० साली, आपल्या पणज्यांच्या काळात, हजारो पुरुषांसमोर गिरणीतल्या बायका उभ्या राहून बोलल्या, हे महिला मंडळाने मुद्दाम लक्षात ठेवावं. अखेर १० जून १८९० ला मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आपली वार्षिक सर्वसाधारण सभा, टाक्यांची सफाई, चित्रकला स्पर्धा, हळदीकुंकू आणि हा रौप्यमहोत्सवी कार्यक्रमसुद्धा रविवारीच ठेवला जातो, त्याची मुळं इथे आहेत.

लोखंड्यांचे गुरू जोतीराव फुले त्याच वर्षी, २८ नोव्हेंबर १८९० ला गेले. त्यांचं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालं. त्यात एका कुटुंबाची कल्पना आहे. बाईने बौद्ध धर्माचा ग्रंथ वाचून तो धर्म घ्यावा, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावं, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावं, मुलाने सत्यधर्म पत्करावा, आणि तरी चौघांनी कुणाचा द्वेष न करता एका घरात प्रेमाने राहावं. एका छपराखाली चार धर्म! आपल्याकडे एका छपराखाली पाच आहेत, फक्त फ्लॅट वेगळे. लोखंडे या विचारात वाढले होते आणि लवकरच त्याची परीक्षा आली.

त्या काळापर्यंत मोहरम हा आपल्याकडे फक्त मुसलमानांचा सण नव्हता. ताबुतांपुढे हिंदू नाचत, वाघाची सोंगं काढत, नवस बोलत, मुलांना फकीर करत. गिरणी कामगारांसाठी तर ही गावाकडची ओळखीची गोष्ट होती. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या कडेगावच्या उंच ताबुतांमध्ये हिंदू घराण्यांचे मानाचे ताबूत अजून निघतात. अशा या मोहरमच्या दिवसांत १८९३ साली काठेवाडातल्या प्रभासपाटणला दंगल झाली. गोरक्षणावरून आधीच वातावरण तापलेलं होतं. ११ ऑगस्टला, शुक्रवारी, मुंबईत भडका उडाला. आधी जुन्या शहरात आणि मग गिरणगावात. ज्या कामगारांसाठी लोखंडे दहा वर्षं झिजले, त्यांच्यातलेच काही काठ्या घेऊन रस्त्यावर आले. ७५ हून अधिक माणसं मेली, शेकडो जखमी झाली. मिळवून दिलेला मोकळा दिवस माणसं अशाही कामाला लावू शकतात, हे त्यांना पाहावं लागलं.

अशा वेळी पुढारी माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. आपल्या लोकांची बाजू घेतो, नाहीतर दार लावून बसतो. लोखंडे वस्त्यांत गेले. लोकांना शांत केलं आणि भायखळ्याला राणीच्या बागेत सर्व धर्मांच्या लोकांचा मोठा मेळावा भरवला. हजारो माणसं आली. दंगलीनंतर शेजाऱ्याकडे पाहायची हिंमत होत नाही, अशा दिवसांत त्यांनी माणसांना समोरासमोर बसवलं. या कामाची दखल घेऊन सरकारने १८९५ मध्ये त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.

तरीही सगळं पूर्वीसारखं झालं नाही. दंगलीनंतर अनेक हिंदूंनी ताबुतांत जाणं सोडलं. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसू लागला होता आणि पुण्यात पुढच्या वर्षी या उत्सवाला मोठं स्वरूप आलं. गणपती आपल्याला प्राणाहून प्रिय आहे आणि त्याने या शहराला खूप दिलं. पण त्याच वर्षांत एकमेकांच्या मिरवणुकीत नाचण्याची जुनी सवय मोडली, हेही खरं आहे. मोडलेली सवय पुन्हा लावायला पिढ्या लागतात. आपण २५ वर्षं या इमारतीत तेच करतो आहोत, असं मला वाटतं.

लोखंड्यांच्या आयुष्याचा शेवट फार लवकर झाला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग आला. मांडवी म्हणजे जिथे त्यांनी गिरणीत नोकरी केली तीच. ज्यांना शक्य होतं ते शहर सोडून पळाले. लोखंडे थांबले. रुग्णांसाठी दवाखाना उभारायला धावले, आजाऱ्यांत वावरले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला ते गेले. वय अवघं ४९ च्या आसपास. २००५ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं. टपाल खात्यात नोकरी केलेल्या माणसाचं तिकीट निघालं, हे मला विशेष वाटतं.

आता आपल्याबद्दल थोडं. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आले. मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी आपणहून जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. २०२४ मध्ये दोन सण लागोपाठ आले, तेव्हा जुलूस १८ सप्टेंबरला गेला आणि सरकारने मुंबईत ईदची सुट्टीही त्याच दिवशी दिली. २०२५ मध्येही जुलूस आणि सुट्टी दोन्ही ८ सप्टेंबरला नेले. भायखळ्याच्या खिलाफत हाऊसहून निघणारा जुलूस आणि लालबागहून निघणारे गणपती, दोघांना रस्ता मोकळा मिळाला. एकाने दिवस बदलला म्हणून त्याचा सण लहान झाला नाही. लोखंड्यांनी कामगारांना जे सांगितलं होतं, त्याचाच हा पुढचा धडा म्हणायचा.

आपल्या सोसायटीत हॉल एकच आहे. त्यावरून दरवर्षी थोडी कुजबुज होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाचा सण मोठा, कुणाचे दिवस जास्त, स्पीकर कितीपर्यंत, वर्गणी कुणी किती द्यायची. येत्या सभेत सणांचं वर्षाचं वेळापत्रक ठरवायचा विषय आहे. माझी त्याबद्दल साधी सूचना आहे. वेळापत्रक ठरवताना आपला सण आधी सांगू नये. शेजारच्याचा सण कधी आहे ते आधी विचारावं, आणि मग आपला सांगावा. वर्गणी कुणावर लादू नये. मनापासून दिलेले अकरा रुपयेही पुरतात.

आणि एक, सहभाग म्हणजे सगळं सगळ्यांनी करणं नव्हे. आपले पारशी शेजारी आपल्याला अग्यारीत नेऊ शकत नाहीत, म्हणून पतेतीला त्यांच्याकडे जायचं आपण थांबवलं का? कुणाला आरतीला हात जोडावेसे वाटत नाहीत, तो मोदक वाटायला उभा राहतो. रोजा न धरणारी बाई इफ्तारची फळं चिरून देते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला येणाऱ्यांसाठी पाणी भरून ठेवायला सगळ्या मजल्यांवरची मुलं उतरतात. माहीमच्या दर्ग्याच्या उरुसात पहिला मान मुंबई पोलिसांचा असतो, आणि माहीमच्याच सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला किती हिंदू बायका रांगेत असतात ते आपण पाहतोच. ज्याला जेवढं झेपतं तेवढं त्याने करावं. मन मात्र मोकळं हवं.

लोखंड्यांनी वार मिळवला. त्या वारी काय करायचं हे त्यांनी आपल्यावर सोडलं. गेली २५ वर्षं आपण तो वार बरा वापरला. पुढच्या २५ वर्षांत तो आपल्या मुलांना आणखी चांगला वापरता यावा, अशी सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. सभा रविवारी सकाळी दहाला आहे. सर्वांनी वेळेवर यावं.