कचऱ्यातलं प्लॅस्टिक ओळखणारा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश शोधला एका वादकाने

पीईटी आणि पीव्हीसीच्या पारदर्शक बाटल्या शेजारी ठेवल्या, तर फरक कळत नाही. पण पीईटीच्या मालात थोडं जरी पीव्हीसी मिसळलं, तर वितळवताना त्यातून आम्ल सुटतं आणि माल खराब होतो. म्हणून रिसायकलिंगच्या मोठ्या कारखान्यांत ही निवड कॅमेरे करतात. हे कॅमेरे ज्या प्रकाशात बघतात, तो माणसाला दिसतच नाही. तो सापडला १८०० साली, विल्यम हर्शेलला.

हर्शेल मूळचा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा, जन्म १७३८ चा. वडील लष्करी बँडमध्ये, पोरगाही त्याच बँडमध्ये. १७५७ साली युद्धाच्या धामधुमीत त्याने इंग्लंड गाठलं. बाथ शहरात तो ऑर्गन वाजवायचा, संगीताच्या शिकवण्या घ्यायचा आणि रात्री आकाश बघायचा. हवी तशी मोठी दुर्बीण परवडेना, म्हणून धातूचे आरसे स्वतःच घासायला बसला. एकदा सलग १६ तास त्याने आरशावरून हात काढला नाही. बहीण कॅरोलिन त्याला घास भरवायची. (तिने पुढे धूमकेतू शोधले, पण ती वेगळीच गोष्ट.)

१३ मार्च १७८१ ला याच घरगुती दुर्बिणीतून युरेनस सापडला. राजा तिसऱ्या जॉर्जने वर्षाला २०० पौंड सुरू केले आणि शिकवण्या सुटल्या.

सूर्य बघताना तो रंगीत काचा लावायचा. काही काचांतून उजेड कमी यायचा, पण डोळ्याला ऊब जास्त लागायची. असं का? त्याने लोलकातून ऊन टेबलावर पाडलं आणि रंगांत थर्मामीटर ठेवले. जांभळ्यापेक्षा हिरव्यात, हिरव्यापेक्षा लालमध्ये पारा जास्त चढला. मग थर्मामीटर लालच्या पलीकडे सरकवला, जिथे रंगच नव्हता. तिथे पारा आणखी वर गेला!

गंमत म्हणजे, ही उष्णता आणि प्रकाश एकच आहेत हे हर्शेलने शेवटी मानलं नाही. १८२२ साली तो गेला. 'इन्फ्रारेड' हे नावही नंतरचं.

आज पट्ट्यावरून धावणाऱ्या कचऱ्यावर हाच प्रकाश पाडतात. प्रत्येक प्लॅस्टिक त्यातला ठराविक भाग शोषून घेतं. कुठला भाग परत आला नाही, हे कॅमेरा टिपतो आणि हवेचा झोत ती वस्तू बाजूला उडवतो. फक्त काळं प्लॅस्टिक यातून निसटतं. त्यातला कार्बनचा रंग जवळजवळ सगळाच प्रकाश गिळतो, त्यामुळे जेवणाचे काळे डबे कॅमेऱ्याला ओळखताच येत नाहीत आणि बऱ्याचदा नुसत्या कचऱ्यात जातात.