भगवान रमण महर्षींचे अखेरचे चौदा महिने

महात्म्यांची चरित्रे वाचताना आपली एक खोड असते. त्यांचा जन्म, वैराग्य, तपश्चर्या, शिष्यांचा मेळा हे सारे आपण आवडीने वाचतो. परंतु अखेरच्या आजाराचे पान आले की ते घाईने उलटतो. एवढ्या मोठ्या पुरुषाला असा रोग का व्हावा, ही शंका मनाला टोचते आणि तिचे उत्तर शोधण्यापेक्षा पान उलटणे सोपे वाटते. या लेखात त्याच पानावर थोडे थांबावयाचे आहे. त्याला कारणही आहे. आज कितीतरी घरांतून वडीलधाऱ्या पुरुषांना पौरुषग्रंथीचा किंवा अन्य कोठला कर्करोग झाल्याचे, तो हाडांपर्यंत पसरल्याचे निदान होते. आणि त्या दिवसापासून घरातली माणसे त्यांना खाटेवर निजवून त्यांच्या हातातले काम काढून घेतात. मरण अजून दूर असते, पण जगणे मात्र तेव्हाच थांबविले जाते. अशा घरांना श्रीरमणांच्या अखेरच्या चौदा महिन्यांचा वृत्तान्त ठाऊक असणे बरे.

पूर्वचरित्र थोडक्यात असे. ३० डिसेंबर १८७९ रोजी मदुराई प्रांतातील तिरुच्चुळी या गावी त्यांचा जन्म झाला. पाळण्यातले नाव वेंकटरामन. वडील सुंदरम् अय्यर वकिली करीत; आईचे नाव अळगम्माळ. वडील लवकर निवर्तले आणि मुलगा मदुराईला चुलत्यांच्या घरी शिकू लागला. १८९६ सालच्या जुलै महिन्यात, सोळा वर्षांचा हा मुलगा घरात एकटाच बसला असता, कसलाही आजार नसताना मृत्यूचे भय त्याच्यावर एकाएकी कोसळले. दुसरा कोणी ओरडत बाहेर धावला असता. हा मुलगा मात्र प्रेतासारखा हातपाय ताठ करून जमिनीवर पडून राहिला, आणि देह मेला असता मरते कोण, याचा शोध त्याने तेथल्या तेथे घेतला. देह जड आहे, मी देह नव्हे, हा त्याला तेव्हा आलेला अनुभव पुढे कधीच मावळला नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच घर सोडून १ सप्टेंबर १८९६ रोजी तो तिरुवण्णामलै येथे अरुणाचलेश्वराच्या मंदिरात पोहोचला, आणि पुढील चौपन्न वर्षे त्याने ते क्षेत्र सोडले नाही. १९०७ साली काव्यकंठ गणपतिमुनींनी त्याला भगवान रमण महर्षी हे नाव दिले. विरूपाक्ष गुहा, स्कंदाश्रम आणि १९२२ साली मातोश्री निवर्तल्यावर त्यांच्या समाधीपाशी वाढलेला श्रीरमणाश्रम, एवढाच त्या दीर्घ आयुष्याचा प्रवास.

मौनाचा उपदेशक म्हणून ते प्रसिद्ध झाल्यामुळे अनेकांची अशी समजूत असते की ते दिवसभर डोळे मिटून बसत असावेत. वस्तुस्थिती अगदी निराळी होती. कित्येक वर्षे ते पहाटेच्या अंधारात आश्रमाच्या स्वयंपाकघरात येऊन भाजी चिरीत, चटणी वाटीत, रांधण्यात हात घालीत. सांडलेला तांदळाचा दाणाही ते वेचून ठेवीत. पुस्तके स्वतः बांधीत, काठ्या घासून गुळगुळीत करीत, छापावयाच्या ग्रंथांची मुद्रिते तपाशीत, आलेली पत्रे वाचून उत्तरांचे मसुदे पाहात. पंगतीत जे सर्वांना वाढले नसेल ते आपल्या पानात पडू देत नसत. गाई, माकडे, खारी, मोर या सर्वांची विचारपूस त्यांच्याकडे असे. आपल्या महिपतिबुवांच्या भक्तविजयाचा तमिळ अवतारही त्यांच्या वाचनात होता. नामदेव, तुकाराम यांच्या कथा ते आलेल्या मंडळींना रंगून सांगत.

गीतेशी त्यांचा संबंध या मासिकाच्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. संपूर्ण गीता नित्य म्हणणे ज्यांना जमत नाही अशांसाठी त्यांनी सातशे श्लोकांतून बेचाळीस श्लोक निवडले, त्यांचा क्रम आपल्या दृष्टीने लावला आणि त्यांना तमिळ रूपही दिले. त्यांचा आरंभ त्यांनी कोठून करावा? अर्जुनविषादापासून नव्हे, तर तेराव्या अध्यायातील क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ यांच्या विवेकापासून. शरीर हे शेत, आणि त्याला जाणणारा निराळा. त्यामागोमाग दहाव्या अध्यायातील विसावा श्लोक येतो, सर्व भूतांच्या हृदयात आत्मरूपाने वसणाऱ्या भगवंताचा. आणि मग जन्मलेल्याला मृत्यू निश्चित आहे हे सांगणारा दुसऱ्या अध्यायातला. शास्त्र शिकलेल्या माणसाला ही निवड पाहून वाटते की ज्याने ती केली त्याला पुढे कोणती परीक्षा द्यावयाची आहे हे जणू ठाऊकच होते. तसे म्हणण्याला आधार नाही. परंतु परीक्षा आली ती नेमकी याच प्रश्नावर आली, एवढे खरे. १८९६ साली देह धडधाकट होता. १९४९ साली मृत्यू खरोखरच दाराशी आला.

डाव्या कोपराखाली एक लहानशी गाठ दिसू लागली. फेब्रुवारी १९४९ मध्ये आश्रमातील डॉक्टरांनी ती काढून टाकली. महिन्याभरात ती पुन्हा आली, अधिक मोठी. मार्च अखेर मद्रासहून आलेल्या शल्यवैद्यांनी दुसरी शस्त्रक्रिया केली आणि परीक्षेअंती तो सार्कोमा, म्हणजे मांस, स्नायू, अस्थी अशा धातूंत उद्भवणारा कर्करोग ठरला. या दोन शस्त्रक्रियांच्या मध्येच, १७ मार्च रोजी, मातोश्रींच्या समाधीवर उभारलेल्या मातृभूतेश्वर मंदिराचा कुंभाभिषेक होता. दंडावरची जखम ताजी असताना महर्षी त्या सोहळ्यात ठिकठिकाणी उपस्थित होते. गर्भगृहातील श्रीचक्रमेरूला त्यांनी स्वतःचा हस्तस्पर्श केला.

डॉक्टरांनी हात कापून टाकण्याचा सल्ला दिला. महर्षींनी तो हसून नाकारला. देह हाच मुळी एक रोग आहे, त्याला त्याच्या स्वाभाविक शेवटापर्यंत जाऊ द्यावे, तो तोडावयाचा कशाला, साधी मलमपट्टी पुरे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण भाविक मंडळी या प्रसंगाचा भलताच अर्थ लावतात. महर्षींनी औषध नाकारले नाही. रेडियमचा उपचार झाला, एका गावठी वैद्याचा पाला बांधून झाला, पुढे होमिओपथी आणि आयुर्वेदही झाला. जे कोणी भक्तिभावाने जे घेऊन आले ते त्यांनी घेतले. उपचार कोणता करावयाचा हे ठरविणे त्यांनी इतरांवर सोडले होते. आश्रमात दवाखाना होता आणि तेथे रोग्यांना औषध मिळे. शिवाय हातापायांच्या सार्कोमावर आज पुष्कळदा अवयव राखून शस्त्रक्रिया करता येते व किरणोपचारही त्या काळापेक्षा फार पुढे गेले आहेत. तेव्हा महर्षींचे नाव घेऊन डॉक्टरांकडे जाण्याचे टाळणाऱ्याने त्यांचे चरित्र नीट वाचलेले नाही.

तिसरी शस्त्रक्रिया ७ ऑगस्ट १९४९ रोजी झाली. त्याच दिवशी संध्याकाळी ते दवाखान्याच्या ओसरीवर येऊन बसले, कारण दर्शनासाठी आलेली माणसे तिष्ठत होती. चेहऱ्यावर थकवा दिसत होता, पण पीडेची छाया नव्हती. दवाखान्यात विश्रांती घ्यावी अशी डॉक्टरांची इच्छा. पण दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर बाजूला झालेले पाहून ते आपल्या सभागृहात परत आले. आपण जागा अडवून बसल्याने इतर रोग्यांची गैरसोय होते, हे त्यांचे कारण. ज्याच्या दंडाला पोखरणारा रोग लागला आहे तो इतर रोग्यांच्या सोयीचा विचार करतो, हा प्रसंग लहान खरा. पण मोठमोठ्या वेदान्तग्रंथांत जे सापडले नाही ते मला त्यात सापडले.

१९ डिसेंबरला चौथी आणि शेवटची शस्त्रक्रिया झाली. यापुढे आपल्या हाती काही नाही, असे डॉक्टरांनी मानले. तरीही ५ जानेवारी १९५० रोजी जयंतीच्या उत्सवाला ते तासन्‌तास बसून होते. त्यांच्या स्तुतीची गाणी ऐकत होते. मंदिराचा हत्ती आला आणि सोंडेने त्यांच्या पायांना स्पर्श करून गेला. गुडघ्यांचा संधिवात जुना होता, त्यात रक्तस्रावाने आलेली क्षीणता. दोन पायऱ्या चढणेही कठीण होऊ लागले. तेव्हा त्यांना एका लहान खोलीत नेण्यात आले. दर्शन मात्र बंद करू द्यावयाचे नाही, हा त्यांचा आग्रह कायम राहिला. सकाळ-संध्याकाळ माणसे रांगेने त्या खोलीच्या दारावरून जात, आणि आतून त्यांची दृष्टी प्रत्येकाकडे वळे.

मग आशेचे काय? रोग बरा होईल अशी आशा त्यांनी कोणाला दाखविली नाही. भक्तांनी मात्र ती सोडली नाही. आपल्या संकल्पाने रोग बरा करावा, अशी विनवणी पुष्कळांनी केली. असा संकल्प करणारा निराळा कोणी उरला आहे कोठे, असा त्यावर त्यांचा प्रतिप्रश्न असे. महर्षी आपल्याला सोडून जाणार म्हणून जे व्याकूळ होत त्यांना ते समजावीत की, आपण जाणार म्हणजे जाणार कोठे, आपण येथेच आहोत. ही निराशा नव्हे, आणि केवळ समजूत घालणेही नव्हे. आशा देहाच्या आयुष्यावर टांगलेली असली म्हणजे ती प्रत्येक तपासणीच्या निकालाबरोबर खाली-वर होते. महर्षींची आशा, तिला आशा म्हणावयाचे असेल तर, क्षेत्रावर नव्हती, क्षेत्रज्ञावर होती. म्हणून चार शस्त्रक्रिया फसल्या तरी तिला धक्का लागला नाही. वेदना नव्हत्या असे मात्र कोणी समजू नये. ज्यांनी त्यांची शुश्रूषा केली त्यांना त्या देहाचे हाल दिसत होते. आपल्याला दुखत नाही असे सोंग त्यांनी केले नाही आणि दुःखाचे प्रदर्शनही मांडले नाही.

विनोदबुद्धीही शेवटपर्यंत शाबूत होती. अखेरच्या दिवसांत एका भक्त स्त्रीने शोकावेगाने खोलीबाहेरच्या खांबावर डोके आपटून घेतले. आवाज ऐकून महर्षी चकित झाले, आणि कारण कळल्यावर म्हणाले की आपल्याला वाटले कोणी नारळ फोडीत आहे. त्यात निष्ठुरता पाहणाऱ्याला दक्षिणेकडच्या देवळातला नारळाचा आवाज आणि महर्षींचा स्वभाव, दोन्ही ठाऊक नसावेत.

१४ एप्रिल १९५०, शुक्रवार. त्या दिवशी त्यांनी सेवकांना संतोष हा शब्द दिला. इंग्रजीत आभार मानण्याचा शब्द आहे, आपल्याकडे संतोष म्हणतात, असे त्यांनी समजावून सांगितले. इतकी वर्षे ज्यांनी पाय चेपले, जखम धुतली, त्यांचा हा निरोप होता. बाहेर मोर ओरडत होता. त्याला दाणे घातले का, याची चौकशीही त्यांनी केली असे सांगतात. सूर्यास्ताच्या सुमारास त्यांनी आपल्याला उठवून बसविण्यास सांगितले. डॉक्टरांनी प्राणवायूची नळी लावू पाहिली, ती त्यांनी उजव्या हाताने दूर सारली. खोलीत दहा-बारा माणसे होती आणि बाहेर शेकडो. बाहेरच्या भक्तांनी त्यांनीच पूर्वी रचलेले अरुणाचलाचे स्तोत्र म्हणावयास आरंभ केला. ते कानी पडताच त्यांचे डोळे किंचित उघडले, मुखावर स्मित आले आणि नेत्रांच्या कडांतून अश्रू ओघळले. श्वास संथ होत गेला. रात्री आठ वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी एक श्वास आला, त्यापुढचा आला नाही. त्याच वेळी आकाशात एक तेजस्वी उल्का अरुणाचलाच्या दिशेने सरकताना अनेकांनी पाहिली. आश्रमात आलेले फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ हे त्यांपैकी एक होते.

दुसऱ्या दिवशी मातोश्रींच्या मंदिराच्या शेजारी, ज्या जुन्या सभागृहात बसून त्यांनी वर्षानुवर्षे पत्रे वाचली आणि लोकांच्या शंका ऐकल्या त्याच्या जवळच, त्यांच्या देहाला समाधी देण्यात आली. तेथे आजही नित्य वेदपारायण होते.