काळाचा हौशी उपासक : आल्फ्रेड लूमिस

विज्ञानाच्या इतिहासात हौशी माणसांची परंपरा मोठी आहे. पोटापाण्याचा उद्योग एक आणि जिवाचा छंद दुसरा, अशी दुहेरी आयुष्ये जगलेल्या माणसांनी दुर्बिणी घासल्या, फुलपाखरे गोळा केली, घड्याळे बनविली. विसाव्या शतकात मात्र विज्ञान विद्यापीठांच्या आणि सरकारी प्रयोगशाळांच्या स्वाधीन झाले आणि हौशी संशोधकाला तेथे फारशी जागा उरली नाही, असा समज रूढ झाला. या समजाला छेद देणारे ठळक नाव म्हणजे आल्फ्रेड ली लूमिस. शिक्षणाने वकील आणि व्यवसायाने वॉल स्ट्रीटवरील धनको असलेल्या या गृहस्थांनी अचूक कालमापनाचा छंद जोपासला. या छंदात मुरलेल्या बुद्धीतूनच पुढे जहाजांना आणि विमानांना वाट दाखविणारी 'लोरान' ही रेडिओ दिशादर्शन पद्धती जन्माला आली.

लूमिस यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८७ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. वडील आणि आजोबा दोघेही नामवंत डॉक्टर होते. आई स्टिम्सन घराण्यातील. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे युद्धमंत्री झालेले हेन्री स्टिम्सन हे आल्फ्रेड यांचे मामेभाऊ. वयाने वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या या भावाचा त्यांच्यावर लहानपणापासून प्रभाव होता. येल विद्यापीठात असताना लूमिस यांना गणित आणि यंत्रे यांची विलक्षण ओढ होती. तरीही घराण्याच्या रीतीप्रमाणे त्यांनी हार्वर्डमधून १९१२ मध्ये कायद्याची पदवी घेतली आणि स्टिम्सन यांच्याच वकिली पेढीत प्रवेश केला. भविष्य जवळजवळ ठरलेले होते.

ते बदलले पहिल्या महायुद्धाने. सैन्यात दाखल झालेल्या लूमिस यांची नेमणूक मेरीलँड राज्यातील अ‍ॅबरडीन येथील तोफांच्या चाचणी केंद्रात झाली. तोफेतून सुटलेल्या गोळ्याचा वेग मोजणे हे तेथील नित्याचे काम. पण त्यासाठीची उपकरणे अवजड आणि नाजूक होती. लूमिस यांनी रणांगणावर नेता येईल असे सुटसुटीत वेगमापक यंत्र तयार केले. त्याला 'अ‍ॅबरडीन क्रोनोग्राफ' असे नाव पडले. गोळ्याचा वेग मोजायचा म्हणजे मुळात मोजायचा असतो वेळ. गोळ्याने दोन ठिकाणांमधील अंतर कापण्यास लावलेला सेकंदाचा अगदी बारीक अंश. काळाचे इतके सूक्ष्म तुकडे करण्याची गोडी त्यांना येथेच लागली. येथेच त्यांची भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांच्याशी गाठ पडली आणि त्यातून आयुष्यभराची मैत्री जडली.

युद्ध संपल्यावर लूमिस पुन्हा वकिलीत रमले नाहीत. बहिणीचे यजमान लँडन थॉर्न यांच्याबरोबर त्यांनी 'बॉनब्राइट अँड कंपनी' ही वित्तसंस्था हाती घेतली. अमेरिकेच्या खेडोपाडी तेव्हा वीज पोहोचत होती. वीज कंपन्यांना भांडवल उभे करून देण्याच्या व्यवहारात या दोघांनी अमाप संपत्ती मिळविली. १९२९ च्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला तेव्हा भल्याभल्यांचे दिवाळे निघाले. पण ही घसरण आधीच ओळखून लूमिस आणि थॉर्न यांनी आपले बरेचसे समभाग विकून पैसा सुरक्षित केला होता. मंदीच्या काळात त्यांची संपत्ती घटण्याऐवजी वाढली. या श्रीमंतीचा काही भाग शर्यतीच्या शिडाच्या नौकेवर आणि शिकारीच्या बेटावर खर्च झाला, हे खरे. मात्र लूमिस यांचे मन गुंतले होते ते दुसरीकडेच.

न्यूयॉर्कच्या उत्तरेला टक्सिडो पार्क या धनिकांच्या वसाहतीत त्यांनी १९२६ मध्ये टेकडीवरचा एक जुना दगडी वाडा विकत घेतला. 'टॉवर हाऊस' नावाच्या या वाड्याची त्यांनी खासगी प्रयोगशाळा केली. दिवसा वॉल स्ट्रीटवर व्यवहार आणि संध्याकाळी व सुटीच्या दिवशी प्रयोग, असा त्यांचा क्रम काही वर्षे चालला. वुड यांच्या साथीने त्यांनी श्रवणातीत ध्वनिलहरींवर पायाभूत संशोधन केले. पुढे झोपेतील मेंदूच्या विद्युत्लहरींचा अभ्यास करून निद्रेच्या निरनिराळ्या अवस्था त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदविल्या. आइन्स्टाइन, बोर, हायझेनबर्ग, फर्मी असे पाहुणे या वाड्यात येऊन गेले. विद्यापीठांना परवडणार नाहीत अशी उपकरणे तेथे होती आणि वर्तमानपत्रांना तेथे प्रवेश नव्हता.

या सर्व उद्योगांत लूमिस यांचा सर्वांत आवडता विषय होता काळ. त्या काळी जगातील सर्वांत अचूक घड्याळ म्हणून इंग्लंडच्या शॉर्ट या अभियंत्याच्या लंबकाच्या घड्याळाची ख्याती होती. त्याचा मुख्य लंबक निर्वात नळकांड्यात मुक्तपणे झुलत असे आणि काटे फिरविण्याचे कष्टाचे काम दुसरे दुय्यम घड्याळ करी. वर्षाला सुमारे एक सेकंद इतकीच चूक व्हावी, अशी त्याची कीर्ती. अशी घड्याळे एकंदर शंभराच्या आसपासच तयार झाली आणि ती प्रामुख्याने वेधशाळांमध्ये गेली. लूमिस यांनी त्यांतील तीन स्वतःसाठी घेतली आणि टक्सिडो पार्कच्या खडकात पाया घेऊन बसविली. घड्याळ एकच असेल तर ते चुकते की नाही हे कळत नाही. दोन असतील तर चुकते कोण हे कळत नाही. तिसरे असेल तरच निवाडा करता येतो, हा त्यामागचा विचार. शेजारी बसविलेले लंबक खडकातून एकमेकांना कंपने पोहोचवितात आणि एकमेकांच्या तालावर झुलू लागतात, हे लक्षात आल्यावर त्यांनी तिन्ही घड्याळे त्रिकोणाच्या कोनांवर विशिष्ट रीतीने मांडून हा परिणाम दूर केला.

याच सुमारास बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत मॅरिसन यांनी क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारे घड्याळ सिद्ध केले होते. लूमिस यांनी न्यूयॉर्कमधील त्या घड्याळाचा संकेत टेलिफोनच्या तारेवरून टक्सिडो पार्कला आणला आणि लंबकाची घड्याळे त्याच्याशी ताडून पाहिली. यासाठी विजेच्या ठिणगीने कागदावर खूण उमटविणारे नोंदयंत्रही त्यांनी स्वतः रचले. महिनोन्महिने जमलेल्या नोंदी गणिती ब्राउन आणि ब्रौवर यांनी तपासल्या, तेव्हा एक नवलाची गोष्ट दिसून आली. लंबकाची गती चंद्राच्या स्थितीनुसार किंचित बदलत होती! समुद्राला भरती-ओहोटी आणणारे चंद्राचे आकर्षण पृथ्वीवरील गुरुत्वाकर्षणातही अत्यल्प फरक पाडते. लंबक गुरुत्वाकर्षणावर झुलतो, म्हणून त्याला हा फरक जाणवतो. स्फटिकाला तो जाणवत नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असलेला हा फरक एका हौशी माणसाच्या घरी पकडला गेला. १९३१ मध्ये हे संशोधन लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

१९४० मध्ये युरोपात युद्धाचा वणवा पेटला होता. सप्टेंबरात ब्रिटिश शास्त्रज्ञांचे टिझार्ड मंडळ अमेरिकेत आले आणि त्यांनी लघुलहरींच्या रडारचा प्राण असलेले 'कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन' हे उपकरण बरोबर आणले. त्या वेळी लूमिस संरक्षण संशोधन समितीच्या मायक्रोवेव्ह विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या पुढाकाराने एमआयटी संस्थेत 'रेडिएशन लॅबोरेटरी' उभी राहिली. शास्त्रज्ञ, कारखानदार आणि सरकार या तिघांची भाषा येणारा माणूस तेथे हवा होता आणि लूमिस तसे होते.

त्यांचे स्वतःचे योगदान मात्र काळाशीच निगडित होते. अटलांटिक महासागरात ढगाळ हवामानात सूर्यतारे दिसेनासे झाले की जहाजांना आपले स्थान कळत नसे. पाणबुड्यांच्या भीतीने ताफ्यांना रेडिओवर बोलण्याचीही चोरी होती. लूमिस यांनी सुचविले की, किनाऱ्यावरील दोन केंद्रांनी ठरलेल्या क्षणी रेडिओचे स्पंद सोडावेत आणि जहाजाने फक्त ऐकावे. दोन स्पंद पोहोचण्याच्या वेळांतील फरक मोजला की जहाज एका विशिष्ट वक्ररेषेवर, म्हणजे अपास्तावर कोठेतरी आहे हे निश्चित होते. केंद्रांच्या दुसऱ्या जोडीवरून दुसरी रेषा मिळते आणि दोन्ही रेषा छेदतात तेथे जहाज! रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, सुमारे ३०० मीटर जाते. त्यामुळे केंद्रांची घड्याळे किंचितही बिघडली तर जहाज खडकावर जाण्याची भीती. शेकडो मैल दूर असलेली घड्याळे एका तालात राखणे, हा टक्सिडो पार्कचाच प्रश्न आता हजारो खलाशांच्या जीवन-मरणाचा प्रश्न झाला होता.

ब्रिटिशांनी याच तत्त्वावरील 'जी' ही पद्धती तयार केली होती. पण तिचा पल्ला कमी होता. अमेरिकी पद्धतीचे संकेत रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन हजार सागरी मैलांपलीकडे पोहोचत. सुरुवातीला या पद्धतीला लूमिस यांचेच नाव देण्यात आले होते. त्यांनी ते नाकारले आणि 'लाँग रेंज नेव्हिगेशन' यावरून 'लोरान' हे नाव रूढ झाले. महायुद्ध संपेपर्यंत सुमारे सत्तर केंद्रांनी पृथ्वीचा जवळजवळ ३० टक्के भाग या संकेतांच्या छत्राखाली आणला होता.

युद्धानंतर लूमिस यांना १९४८ मध्ये 'मेडल फॉर मेरिट' हा सन्मान मिळाला. परंतु ते टॉवर हाऊसमध्ये पुन्हा प्रयोगाला बसले नाहीत. १९४५ मध्ये त्यांनी पहिल्या पत्नीशी घटस्फोट घेऊन आपल्याच एका सहकाऱ्याच्या पूर्वपत्नीशी विवाह केला. न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठित वर्तुळाला हे रुचले नाही. जुने स्नेही दुरावले, घरातही कटुता आली. लूमिस यांनी मोठेपणा मिरविला नाही आणि आत्मचरित्रही लिहिले नाही. ११ ऑगस्ट १९७५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा सामान्य अमेरिकी माणसाला त्यांचे नाव ठाऊक नव्हते.

त्यांची कल्पना मात्र वाढत गेली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या 'लोरान-सी' पद्धतीत १०० किलोहर्ट्झ ही कमी वारंवारता वापरली गेली आणि पुढे केंद्रांमध्ये सीझियमची आण्विक घड्याळे बसली. जमिनीला लगटून येणारा हा संकेत इतका स्थिर असे की, दिशादर्शनाशी काडीचाही संबंध नसलेल्या हौशी मंडळींनी त्याचा निराळाच उपयोग शोधला. जुने लोरान ग्राहकयंत्र मिळवायचे, छतावर अँटेना उभारायचा आणि घरच्या स्फटिक घड्याळाची चाल त्या संकेताशी रोज ताडून पाहायची. दूरवरच्या आण्विक घड्याळाची शिस्त घरातल्या टेबलावर उतरवायची! टेलिफोनच्या तारेवरून आलेला संकेत लंबकाशी ताडणाऱ्या लूमिस यांचेच हे वंशज. भारतातही लोरान-सीच्या साखळ्या उभारल्या गेल्या. पश्चिमेकडील साखळीला मुंबईचे नाव होते आणि तिची केंद्रे ध्रांगध्रा, वेरावळ व बिलीमोरा येथे होती.

उपग्रहांवरील जीपीएस आल्यावर लोरानची गरज संपली, असे ठरले. अमेरिकेने ८ फेब्रुवारी २०१० रोजी आपले संकेत थांबविले. त्यानंतर मात्र उपग्रहांचे क्षीण संकेत सहज दडपता येतात, हे वारंवार दिसून आले. बँका, टेलिफोन आणि वीजजाळी ज्या अचूक वेळेवर चालतात, त्या वेळेला जमिनीवरचा पर्याय हवा, या विचाराने सुधारित लोरानची चर्चा अनेक देशांत पुन्हा सुरू झाली. जीपीएसचा पायाही निराळा नाही. संकेत पोहोचायला लागलेला वेळ मोजून जागा ठरविणे, हेच त्याचेही सूत्र. एका श्रीमंत माणसाने कोणत्याही लाभाची अपेक्षा न ठेवता सेकंदाच्या अंशाचा पाठलाग केला आणि जगाला आपण कोठे आहोत हे सांगणारी विद्या त्यातून पुढे गेली. छंदाला निरुपयोगी म्हणून हसण्यापूर्वी लूमिस यांची ती तीन घड्याळे आठवावीत.