हाइनरिश श्लीमान यांचा भाषाभ्यास

परभाषा म्हटली की आम्हां विद्यार्थ्यांपुढे व्याकरणाची कोष्टके उभी राहतात. जर्मन संशोधक हाइनरिश श्लीमान (१८२२–१८९०) यांनी निराळी वाट धरली. ॲम्स्टरडॅम येथे कारकुनी करीत असता ते परभाषेतील उतारे मोठ्याने वाचीत आणि आवडत्या विषयांवर निबंध लिहीत. रशियन शिकताना तर, पाठ ऐकविण्यासाठी, ती भाषा न कळणारा श्रोता त्यांनी मोबदला देऊन समोर बसविला. या घोषामुळे दोनदा बिऱ्हाड बदलावे लागले, असे त्यांनी नमूद केले आहे. त्याच रशियनच्या बळावर १८४६ मध्ये ते सेंट पीटर्सबर्गला व्यापारी प्रतिनिधी झाले. होमरच्या काव्याच्या ओढीने १८५६ मध्ये ते ग्रीक शिकले आणि १८७१ मध्ये तुर्कस्तानात ट्रॉयनगरीच्या शोधार्थ उत्खननास लागले. आम्हीही आवडीचे वाचीत-लिहीत गेलो, तर इंग्रजीचे भय आमच्याही मनातून जाईल.