परीकथेच्या पडद्यामागची पहिली स्त्री

अमरावती : भारतीय चित्रपटाच्या जन्मकाळी पडद्यावर स्त्री दिसत असे, परंतु ती पुष्कळदा स्त्री नसे. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ मधील ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली. पुढे ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच साकारल्या. फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मराठी मायलेकींनी कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याचे धाडस केले. मात्र कॅमेऱ्यामागे उभे राहून कथा सांगण्याचा अधिकार स्त्रीला मिळण्यास १९२६ साल उजाडावे लागले. तो अधिकार मिळविणारी स्त्री म्हणजे फातमा बेगम.

१८९२ मध्ये जन्मलेल्या फातमा बेगम उर्दू रंगभूमीवरून चित्रपटात आल्या. सचिन संस्थानच्या नवाबाशी त्यांचे नाव जोडले जाते. परंतु या नात्याला विवाहाची अधिकृत मान्यता मिळाल्याची नोंद नाही. झुबेदा, सुलताना आणि शहजादी या तीन मुलींना त्यांनी स्वतःच्या कर्तृत्वावर वाढविले. अर्देशीर इराणी यांच्या ‘वीर अभिमन्यू’मधून (१९२२) त्या पडद्यावर आल्या, तेव्हा त्यांनी तिशी गाठली होती. कोहिनूर कंपनीच्या ‘गुल-ए-बकावली’ (१९२४) या अद्‌भुतरम्य मूकपटातही त्यांनी काम केले.

त्या काळी प्रतिष्ठित घरातील स्त्रिया चित्रपटापासून दूर राहत. त्यामुळे राजकन्या आणि अप्सरांच्या भूमिका सुलोचना ऊर्फ रूबी मायर्स यांच्यासारख्या ज्यू किंवा पेशन्स कूपर यांच्यासारख्या अँग्लो-इंडियन अभिनेत्रींकडे जात. मूकपटात संवाद ऐकू येत नसल्याने नटीची मातृभाषा कोणती, हा प्रश्नच नव्हता. धर्म आणि भाषा यांच्या भिंती पडद्यावर अशा सहज ओलांडल्या गेल्या. तथापि राजकन्या कशी दिसावी आणि तिचे काय व्हावे, हे पुरुषच ठरवीत.

फातमा बेगम यांनी १९२६ मध्ये स्वतःची ‘फातमा फिल्म्स’ ही संस्था काढून हा शिरस्ता मोडला. त्याच वर्षी त्यांनी ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. परीलोकाची ही कथा पडद्यावर आणण्यासाठी छायाचित्रणातील करामतींचा भरपूर वापर झाल्याचे अभ्यासक सांगतात. झुबेदा आणि सुलताना या लेकींनाही त्यात भूमिका होत्या. पुढील तीन वर्षांत ‘हीर रांझा’, ‘चंद्रावली’, ‘शकुंतला’ आदी चित्रपट त्यांच्या नावावर जमा झाले. स्वतःची संस्था चालवितानाच त्या इतर कंपन्यांच्या चित्रपटांतूनही अभिनय करीत होत्या.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला. त्याची नायिका होती झुबेदा. बोलपटाने अनेक मूकपट-नट्यांपुढे भाषेची अडचण उभी केली. उर्दू रंगभूमीचा वारसा लाभलेल्या या घराला मात्र नवी दारे खुली झाली. फातमा बेगम स्वतः त्या दशकाच्या अखेरीस पडद्यापासून दूर झाल्या. १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले.

‘बुलबुल-ए-परिस्तान’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मूकपटयुगातील बहुसंख्य भारतीय चित्रपटांची हीच गत झाली. फाळक्यांच्या काही चित्रपटांचे निदान तुकडे तरी पाहता येतात. देशातील पहिल्या दिग्दर्शिकेने परीलोक कसा पाहिला, हे मात्र आता कोणालाच पाहता येणार नाही. त्यामुळे तिचे नाव तरी विस्मरणात जाऊ न देणे, एवढेच आपल्या हाती उरले आहे.